मंगलीचा मोह आणि लटारूची रायमुनिया

मंगली तोंडाची फटकळ, मनाची मऊ. छप्पन साली सरकारनं चांद्याकडच्या तिच्या गावालगतच्या जंगलाला कुंपण घालून झाडांचा बगीचा केला, तेव्हा तिच्या आईचं मोहाचं झाडही आत गेलं. बगीच्याचा साहेब भला माणूस. म्हणाला, मोह खुशाल वेचा, पण आग लावायची नाही. तिथेच घोडं पेंड खात होतं.

फुलं गळण्याआधी झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन लख्ख करायची, आणि जो साफ करेल त्यानंच वेचायचं, हा गावचा रिवाज. झाडणी चुकली की झाड दुसऱ्याचं. आणि मंगलीच्या झाडाखाली तर रायमुनिया माजली होती! काटेरी, उग्र वासाची घाणेरीच ती. माळी लटारूनं वाटेच्या शोभेला चार काड्या लावल्या होत्या. पाखरांनी फळं खाऊन ती बगीचाभर पेरली. आता सागाखाली, बांबूखाली, जिकडेतिकडे तीच.

"लटारूभाऊ, फुलं पाहून भुललात अन् माह्या मायचं झाड बुडवलं!"

"फुलाले काऊन शिव्या देता बाई? किती देखणी हाये!"

"देखणी हाये त उशाले घेऊन झोपा!"

गेल्या साली तिनं ती विळ्यानं कापली, तर पावसाळ्यात दुप्पट फुटली. यंदा ती कुदळ घेऊन तिच्या मुळावरच उठली. गावातली गुणाबाई कुंपणापलीकडून रोज विचारी, "जमते का वो?" तिचाही झाडावर डोळा होता. मंगलीची कंबर धरली, तळव्यांना फोड आले. मागचा कोपरा राहिला तो राहिलाच, आणि मोह गळायला आला. त्या संध्याकाळी ती बुंध्याला टेकून रडली. मेलेल्या आईचं एवढंच तिच्याकडे उरलं होतं. वाटेवरून लटारूनं ते पाहिलं.

सकाळी मोहाचा वास दारापर्यंत आला. मंगली टोपली घेऊन धावली. गुणाबाई कुंपणापाशी आधीच हजर. पण झाडाखाली काटासुद्धा नव्हता. झाडलेल्या जमिनीवर फुलं टपटपत होती आणि लटारू खराटा घेऊन बसला होता, हात कोपरापर्यंत ओरबाडलेले.

"रिवाजानं झाड आता माहं, नाई का?" तो म्हणाला.

मंगलीनं वर झाडाकडे पाहिलं. पण रिवाज तो रिवाज. तिनं टोपली त्याच्यापुढे ठेवली. "वेचा मंग."

लटारू बावरला. "मस्करी केलो जी! तुमच्याच नावानं झाडलो."

मंगलीनं पहिली ओंजळ आईच्या नावानं बुंध्याशी वाहिली, दुसरी त्याच्या रक्ताळलेल्या हातांत घातली. मग डोळे पुसून म्हणाली, "अन् ते वाटेवरची? ते कधी उपटता?"

"ते?" लटारू खाली बघत म्हणाला. "पयले तेच उपटलो जी."