गुरुजींचं दळण

मला एका जागी बसवत नाही. आजही नाही. जेवता जेवता मध्येच उठून दाराची कडी पाहून येणारा माणूस मी. बायको म्हणायची, यांच्या पायाला भिंगरी आहे. तर असल्या माणसाला म्हाताऱ्यांना सोबत करायचं काम कोणी द्यावं? कोणी दिलं नव्हतं. मीच पुढं पुढं केलं होतं.

राज्यं नव्यानं आखली त्या दिवसांतली ही गोष्ट. नागपूर मुंबईच्या राज्यात गेलं आणि आमचं सौंसर इकडं भोपाळच्या राज्यात राहिलं. नागपूरच्या कचेऱ्या उठल्या. कोणाचा पोरगा भोपाळला गेला, कोणाचा मुंबईला. शनिवारी घरी येणारी पोरं आता दिवाळीला येऊ लागली, आणि म्हातारी माणसं मागं उरली. मग आम्ही शाळेतले चार मास्तर आणि तहसिलीतले दोघं, सहा जणांनी घरं वाटून घेतली. शाळा-कचेरी सुटली की तासभर जायचं, हवं-नको पाहायचं. माझ्या वाट्याला आले माझेच लहानपणचे गुरुजी. बायको कधीच वारलेली, एकुलता एक मुलगा मुंबईला, स्वयंपाक स्वतःच करायचे.

पण तासभर बसून बोलायचं काय? माझा जीव वरखाली व्हायचा. मग मी कामं शोधली. पाणी भरलं, भाजी आणली. गुरुजी दर सोमवारी दुपारी ज्वारीचा डबा घेऊन इंजिनाच्या चक्कीवर जायचे ते दिवेलागणीला परतायचे. एका डब्यासाठी एवढा वेळ, तोही या वयात! मला रागच आला. मी डबा सायकलला अडकवला, चक्कीवाल्याला म्हटलं मला घाई आहे, माझं आधी काढ, आणि पाव तासात पीठ दारात. दर सोमवारी हेच. मी आपली स्वतःची पाठ थोपटून घेतली.

दोन महिन्यांत गुरुजींचं बोलणंच थांबलं. काही विचारलं तर हूं, नाहीतर तेही नाही. एकच भाकरी टाकायचे, तीही अर्धी उरायची. मी घाबरलो. त्यात मुंबईहून मुलाचं पत्र माझ्या नावानं आलं, की बाबांचं खरं काय ते कळवा, जमत नसेल तर येऊन घेऊन जातो. गुरुजींना मुंबईच्या खोलीत जायचं नव्हतं. मला त्यांनी हे पहिल्याच दिवशी निक्षून सांगितलं होतं. तरीही मी कार्ड लिहिलं, या आणि घेऊन जा. सहा वाजता टपाल निघायचं. सोमवार होता. कार्ड खिशात घातलं आणि वाटेत दळणही उरकावं म्हणून त्यांच्याकडे गेलो.

डबा उचलला तर गुरुजींनी त्याची कडी धरली.

"दळण आणून देतो तू, पण माझा सोमवार नेऊन राहिला," ते म्हणाले.

मला काही कळलं नाही. त्यांनी टोपी घातली आणि चालू लागले. डबा मी धरला, तेवढं करू दिलं.

चक्कीवर दहा-बारा माणसं होती. लोधीखेड्याच्या एका बाईनं गुरुजींना पाहताच पोत्यावर जागा केली. तिला वाटलं होतं, गुरुजी मुंबईला गेले. गुरुजींनी तिच्या नातीचा खोकला विचारला. मग कोणाच्या संत्र्याचा बहार, कोणाचा लंगडणारा बैल. इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून बोलत होते. दोन महिने मुके असलेले गुरुजी! मी मात्र घड्याळ पाहत होतो. त्यांचा नंबर आला की ते म्हणायचे, होऊ द्या तुमचं, मला काय घाई. तीनदा म्हणाले. मी उठलो, बसलो, रस्त्यापर्यंत जाऊन आलो. पावणेसहाला एकदाचं दळण झालं. हुश्श! मी झाकण लावायला वाकलो.

गुरुजींनी चिमूटभर पीठ बोटांत चोळून पाहिलं आणि म्हणाले, "जाड आलं. पुन्हा टाका."

पीठ मैद्यासारखं होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात चक्कीवाल्यानं मला डोळ्यांनीच गप्प केलं. डबा उचलून त्यानं रांगेत सगळ्यांच्या मागं नेऊन ठेवला. परत येताना माझ्या कानाशी लागला.

"गुरुजींचं दर सोमवारी जाडच येते जी. तुमी नेलं तेव्हाच काय ते बारीक आलं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. कार्ड काढलं, चार तुकडे करून खिशात कोंबले आणि गुरुजींशेजारी पोत्यावर बसलो. पाय हलतच होते. गुरुजींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, वर्गात चुळबुळ करायचो तेव्हा ठेवायचे तसाच.

"बस," ते म्हणाले. "अजून सात नंबर आहेत आपल्यापुढं."