तक्त्यातला एक

स्वातंत्र्यानंतर सात-आठ वर्षांनी आमच्या गावात एक अभ्यास मंडळ निघाले. त्याची मुख्य शाखा पुण्यात होती. दर रविवारी सकाळी एका कापड व्यापाऱ्याच्या दुकानावरच्या माडीत दहा-बारा माणसे जमत. देशाच्या संरक्षणाचा विचार सरकार नीट करत नाही, तो आपण करून दिल्लीला पाठवायचा, हा मंडळाचा हेतू. अध्यक्ष वकील होते, त्यांना सगळे नाना म्हणत. नानांचे एक म्हणणे ठरलेले असे : "लढाई सरहद्दीवर सुरू होत नाही, घरात सुरू होते."

मला ते पटत होते. पटत नव्हते असे आज म्हणणे खोटेपणाचे होईल.

मी कापसाच्या जिनात वजनाच्या काट्यावर कारकून होतो. आकडा चुकवत नाही अशी माझी ख्याती, म्हणून पाचोऱ्याच्या बाजूच्या लहान स्टेशनांची माहिती गोळा करण्याचे काम माझ्याकडे आले. पूल किती, पहारेकरी किती, आणि ज्यांचे जवळचे नातलग पाकिस्तानात गेले असे कामगार किती. नावे लिहायची नाहीत, असे ठरले होते.

एका स्टेशनावर रूळ बदलणारा मुसलमान सांधेवाला माझ्या ओळखीचा होता. त्याच्या क्वार्टरच्या ओट्यावर त्याने मला चहा पाजला. पाकिस्तानात कोणी गेले का, असे मी विचारले, त्याने सांगितले.

"मना भाऊ गया तठे. मी त अठेच शे. माले त भुसावळनी पलीकडेबी करमत नही."

आम्ही दोघेही हसलो.

तक्ता पाहून नाना म्हणाले, "स्टेशनवार कशाला? तालुक्याची बेरीज द्या, पुरे."

"बेरजेवरून तपासता येत नाही, नाना. आकडा द्यायचा तर पुरा द्यावा."

"तुमचा काटा रविवारीही चालूच का हो?" कोणीतरी म्हणाले आणि माडी हसली. माझा तक्ता तसाच पुण्याला गेला. त्या स्टेशनापुढे 'एक' होता.

काही महिन्यांनी पुण्याहून मंडळाचे छापील टिपण आले. दिल्लीहून पोच आली म्हणून पेढे वाटले गेले. मी आधी माझे पान काढून आकडे पडताळले. सगळे बरोबर होते. मग वरचा मथळा वाचला. मी लिहिला होता 'नातलग पाकिस्तानात असलेले कामगार'. छापला होता 'भरवसा ठेवू नये असे कामगार'.

मी दुरुस्तीची चिठ्ठी छापून पाठवा म्हणालो. नानांनी चष्मा काढला. "यातला एक तरी आकडा खोटा आहे का?"

"नाही."

"मग दुरुस्ती कशाची?"

दुरुस्ती निघाली नाही. टिपणाच्या प्रती कुठे कुठे गेल्या, हेही कोणी सांगितले नाही.

पुढच्या उन्हाळ्यात कळले की सांधेवाल्याला सांध्यावरून काढून दूरच्या एका यार्डात माल चढवण्याच्या टोळीत टाकले आहे. कारण दिलेले नव्हते. आमच्या टिपणामुळेच झाले, असा पुरावा माझ्याकडे नाही. दुसरे कारणही मला कोणी दाखवलेले नाही.

मी सुटी काढून गेलो. क्वार्टर रिकामे होत होते. त्याची बायको चूल फोडून तिच्या विटा बाजूला रचत होती. मी उभ्यानेच सगळे सांगितले.

त्याने ऐकून घेतले. "तुम्हीन मनं नाव लिखं का, भाऊ?"

"नाव नाही. आकडा लिहिला."

"कितला?"

"एक."

"या टेसनवर तसा मी एकलाच शे."

तो रागावला असता तर बरे झाले असते. त्याने पेटीला दोर बांधला. दुसरी कडी धरायला मी वाकलो, तेव्हा त्याने बायकोला हाक मारली. ती विटा टाकून आली आणि ती पेटी त्या दोघांनी उचलून फलाटावर नेली.