एका वेळी एकच गोष्ट बंद

माझा धाकटा भाऊ फर्निचरला पॉलिश करतो. मी मोठी, त्यामुळे त्याला शिव्या घालायचा हक्क माझा, आणि तो मी सोडत नाही. तेवीस वर्षं एकाच खोलीत बसून त्याने लोकांची कपाटं चकचकीत केली. खिडकी कायम बंद, कारण वाऱ्याने धूळ येते आणि ओल्या पॉलिशला चिकटते. लग्न केलं नाही. घरात तो आणि ढब्बू. ढब्बू म्हणजे त्याचा कुत्रा. दिवसभर त्याच्या पायाशी चिंध्यांच्या ढिगावर लोळत पडायचा.

त्या खोलीत पाऊल टाकलं की थिनरच्या वासाने माझे डोळे चुरचुरायचे. हा शहाणा विचारायचा, "कसला वास?"

गेल्या वर्षी ढब्बू खाजवायला लागला. आधी पंजे चाटायचा, मग पोट ओरबाडायला लागला. महिन्याभरात पोटावरचे केस गेले आणि कातडी लालभडक झाली. जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ॲलर्जी असावी. तपासण्या महाग आहेत, पण स्वस्तातला एक मार्ग आहे, फक्त चिकाटी हवी. एका वेळी एकच गोष्ट बंद करा, वाट बघा, लिहून ठेवा. दोन गोष्टी एकदम बदलल्यात तर काही कळायचं नाही.

पठ्ठ्याने भिंतीवर कॅलेंडर लावलं. रोज एक आकडा, खाज दहापैकी किती. पिसवांचं औषध घातलं, आठ. अंथरूण उकळत्या पाण्यात धुतलं, सात, मग पुन्हा आठ. चिकन बंद करून आठ आठवडे नुसती उकडलेली मासळी आणि बटाटा. पाचव्या आठवड्यात मी लाडाने बिस्किटाचा तुकडा टाकला, तर माझ्यावर असा खेकसला! सगळी मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. इतकं करूनही आठच.

आकडा लिहिताना तो खोकत होता. मी ऐकलं आणि घसा बसला असेल म्हणून सोडून दिलं. चुकलंच माझं.

मग त्याला एका हॉटेलचे दरवाजे तिथेच राहून पॉलिश करायचं काम मिळालं. पंधरा दिवस ढब्बू माझ्याकडे. चौथ्या दिवशी त्याने पंजे चाटणं सोडलं. दहाव्या दिवशी पोटावर मऊ लव दिसली.

"आज किती?" भावाचा फोन.

"दोन."

"खायला काय घालतेस?"

"तू लिहून दिलंस तेच, बाबा!"

 पलीकडून नुसता खोकला ऐकू आला.

परत नेल्यावर तिसऱ्या दिवशी ढब्बूचा आकडा आठ. भावाने कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'खोली'. धावत माझ्याकडे आला. "ताई, सापडलं!" लॉटरी लागल्यासारखा नाचत होता. आणि मी त्याचे हात बघत होते. नखांभोवती भेगा, मनगटांवर ढब्बूच्या पोटासारखेच लाल चट्टे.

"अरे गाढवा, कुत्र्याचं वर्षभरात हे झालं. तू तिथे तेवीस वर्षं श्वास घेतोयस!"

"मला सवय आहे."

ओढत डॉक्टरकडे नेला. त्यांनी नळीत फुंकायला लावलं, आकडे बघितले, पुन्हा फुंकायला लावलं. फुप्फुसं खराब होत चालली आहेत म्हणाले. ते काम आणि ती खोली आजच बंद, नाहीतर पुढच्या वर्षी जिना चढता येणार नाही. भावाने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पॉलिशचा डबा उघडून कामाला बसला.

ढब्बू आता माझ्याकडे असतो. भाऊ रविवारी येतो, आधी अंघोळ करतो, माझ्याकडे ठेवलेला शर्ट घालतो, मगच त्याला जवळ घेतो. गल्लीच्या कोपऱ्यावरून खोकला ऐकू आला की ढब्बू दारात जाऊन उभा राहतो.

परवा मी भडकले. "खोली सोड. इथे ये राहायला. दोन घास माझ्याकडेही आहेत."

त्याने ढब्बूला उताणं केलं, पोटावरच्या दाट केसांतून हात फिरवला. "याला काय, उचलून तुझ्याकडे ठेवलं. माझ्याकडे बंद करायला ती एकच गोष्ट आहे, ताई."

मला राग आला आणि रडूही आलं.

कॅलेंडर आता माझ्या भिंतीवर आहे. ढब्बूचा आकडा भाऊच लिहितो: शून्य. त्याखाली त्याच्या नकळत मी एक ओळ सुरू केली आहे. कोपऱ्यापासून माझ्या दारापर्यंत येताना तो लोकांच्या पायऱ्यांवर किती वेळा टेकला, ते लिहिते. गेल्या महिन्यात दर रविवारी एकदा. या रविवारी चार.