रस्त्याखालचं पाणी

सावद्याजवळच्या एका शेतकऱ्याची केळी मी ऐन उन्हाळ्यात पाण्यावाचून ठेवली. चूक माझी होती, आणि ती झाकायला मी जे बोललो ते चुकीहून वाईट होतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. गावाजवळून जाणारा रस्ता रुंद व्हायचा होता आणि त्यात कुणाची किती जमीन जाणार, याची आखणी माझ्याकडे होती. मी बांधकाम खात्यातला कनिष्ठ अभियंता. शिंदखेड्याकडचा, कोरडवाहू घरातला. आमच्याकडे वीतभर बांधावरून भाऊ भावाशी बोलेनासा होतो. म्हणून जमीन कमीत कमी जावी यासाठी मी फार खपलो. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची विहीर आखणीत येत होती. ती वाचवायला मी रुंदी सगळी पलीकडच्या बाजूला घेतली. त्या विहिरीच्या मालकाला सगळे आबा म्हणत, मीही.

मोजणीच्या दिवशी आबा टेपमागून चालत होते.

"भाऊ, दोन्ही कडा मोजता, मधलं काहून नही मोजत?"

"मध्ये रस्ता आहे आबा. ती जमीन आधीच सरकारची. तिच्यात काय मोजायचं?"

"तिच्यातूनच माह्यं पानी जातं. विहीर इकडे, केळी तिकडे."

"बघू," म्हणालो आणि पुढच्या शेतात शिरलो. विहीर वाचली, आता यांना आणखी काय हवं, असं मनात आलं. जमिनीसाठी जीव टाकणाऱ्या मुलखातून मी आलो होतो. पाण्याची वाट मोजायची असते हे मला ठाऊकच नव्हतं.

काम सुरू झालं ते दोन उन्हाळ्यांनंतर. आबांच्या शेतासमोर रोलर फिरला आणि नव्या खडीतून पाणी उसळलं. खालचा जुना पाईप फुटला होता. आबा धावत आले. रोलरवाला, खडी पसरणारी माणसं, सगळे माझ्याकडे बघत होते.

"रस्त्याखालून पाईप न्यायची परवानगी होती का?" मी विचारलं.

"बापानं टाकला तवा गाडरस्ता व्हता, साहेब. परवानगी कोनाची घ्याची? बैलाची?"

माणसं हसली. मोजणीच्या दिवशी मी भाऊ होतो, आता साहेब झालो होतो. मला राग आला.

"म्हणजे विनापरवाना. मग खातं जबाबदार नाही."

आबा मोटार बंद करायला विहिरीकडे गेले.

चार दिवसांनी सकाळी मी एकटाच त्यांच्या केळीत गेलो. बाग नुकतीच निसवली होती, झाडाझाडाला कोवळे घड लोंबत होते. जमीन भेगाळू लागली होती आणि ऊन चढायच्या आत पानं मिटत होती. आणखी काही दिवस पाणी मिळालं नसतं तर वर्षाची बाग गेली असती. मी वरिष्ठांना न विचारता नवा रस्ता आडवा फोडला, त्यात सिमेंटचा मोठा नळ बसवला आणि त्यातून आबांचा नवा पाईप पलीकडे काढून दिला. वरिष्ठांनी झापलं, ते ऐकून घेतलं. तो निर्णय बरोबर होता. पुढे पारोळ्याकडच्या रस्त्यावर आखणी केली तेव्हा टेप उलगडण्याआधी प्रत्येक शेतात मी पहिला प्रश्न हाच विचारला: पाणी कुठून कुठे जातं? त्यानंतर माझ्या हातून कुणाचं पाणी तुटलं नाही, हे मी ठामपणे सांगतो.

पण आबांच्या गावात भलतंच झालं. साहेबानं रस्ता फोडून पाणी दिलं, असं आबा स्वतःच सांगत फिरले. चहाच्या टपरीवर लोक मला उठून जागा देत. मी बसत होतो, चहा पीत होतो, आणि गप्प राहत होतो.

बाग कापणीला आली तेव्हा मी गेलो. रस्त्याकडेला ट्रक भरत होता, घड वाहणारी माणसं ये-जा करत होती. मला पाहताच आबा ओरडले, "अरे, हेच ते साहेब! शिंदखेड्याचे, पन केळीची तहान कळते बरं यायले!"

"नाही कळली, आबा," मी म्हणालो. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "तुम्ही मोजणीच्या दिवशीच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. पाणी मीच तोडलं, आणि वर चारचौघांत तुम्हालाच विनापरवाना ठरवलं. माझं चुकलं. मला माफ करा."