परातीतलं पाणी

"ए म्हातारे, पाय आत घे. तुझे नाही, साहेबांचे पाय धुवायचेत."

आयोजक माइकवरून म्हणाला आणि अख्खा हॉल हसला. साक्रीच्या मंगल कार्यालयात, स्टेजवरच्या मखमली खुर्चीत माझी आई चप्पल काढून, पाय पुढे करून बसली होती. मोतीबिंदूने दोन्ही डोळे धूसर. समोर परात, तांब्या, टॉवेल आणि पांढऱ्या कपड्यातला एक उंच माणूस, शिबिराचे दाते साहेब. तिने त्यालाच विचारलं, "फादर, पाणी थंडं शे का?"

तिचं काय चुकलं? आम्ही डोंगरातले कॅथलिक. पवित्र गुरुवारी आमच्या चर्चमध्ये फादर गुडघे टेकून गरिबांचे पाय धुतात. त्या वर्षी आईचेही धुतले होते. परात मांडली की पाय आपले, एवढंच तिला ठाऊक.

इथे रीत उलटी. मोफत ऑपरेशनच्या शिबिरात आधी दात्याची पाद्यपूजा. सगळ्या रुग्णांच्या वतीने एका बाईने, त्या दिवशी आईने, पाय धुवायचे, फोटो निघायचा, मगच बस जळगावच्या दवाखान्याकडे सुटायची.

आयोजक माझ्या कानाशी आला. हसत हसतच म्हणाला, "भाऊ, आईला खाली बसव. नाहीतर बसमधून तिचं गाठोडं उतरव."

दर नाताळात आमच्या नाटकात मी बाळ येशूच्या जिवावर उठलेला हेरोद राजा असतो. आवाज असा लावतो की पुढच्या रांगेतली पोरं आयांच्या पदरात शिरतात. त्या वेळी मात्र तो आवाज लावला, तर ऑपरेशन जाणार होतं. आईचा डोळा जणू माझ्या जिभेवर ठेवलेला.

मी पाहुण्यांच्या खुर्च्यांकडे पाहिलं. तिथे आमचे फादर होते. गळ्यात हार. ते वाकून पुटपुटले, "धुऊ दे तिला, बाबा. ऑपरेशन तर होऊन जाऊ दे."

याच फादरांनी प्रवचनात सांगितलं होतं की माणूस देवाच्या प्रतिमेचा, म्हणून औषधपाणी हा त्याचा हक्क. ते उपकार म्हणून वाटायचं नसतं. मला ते इतकं आवडलं होतं की घरी जाऊन मी त्यांची नक्कल करून दाखवली होती. हातवाऱ्यांसकट.

मी माइक घेतला. हेरोद काढायला गेलो, निघाला माझाच आवाज. बारीक.

"फादर, गुरुवारी हिचे पाय तुम्ही धुतलेत. आज ही कोणाचेच धुणार नाही. डोळे हिच्या हक्काचे आहेत."

कोणी हसलं नाही. फादरांनी हारही काढला नाही. मी आईच्या पायात चप्पल घातली, गाठोडं उतरवलं. बस गेली.

रस्त्यावर आईने विचारलं, "आते मना डोयानं काय?"

धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात आम्ही खेपा घालत राहिलो, ते पुढची तारीख देत राहिले. डावा डोळा वाचला. उजवा गेला. तो तुझ्या नकाराने गेला, असं लोक मला अजून ऐकवतात. नाही. तो परातीने गेला.

आता पाड्यावर कोणी आजारी पडलं की मी सोबत जातो. दवाखान्याच्या खिडकीशी ताठ उभा राहतो. हात जोडत नाही, जोडू देत नाही. शिबिर चर्चचं असलं तरी गय करत नाही. परात दिसली की आधी विचारतो, पाय कोणाचे? दात्याचे म्हणाले, तर पाणी तिथेच ओतणार.