धुतलेली मुळं

मनकर्णाबाई चप्पल बांधावर काढूनच बागेत शिरत. भाजी तीन पाण्यांनी धूत. वाळक्या फांदीलाही "काय गं?" म्हणत. देवगावातली त्यांची मोसंबी पिवळी पडत चालली, तेव्हा तपासणीसाठी त्यांनी मुळंही घासूनपुसून नेली.

"माती कुठंय, मावशी?" तपासणाऱ्या साहेबांनी विचारलं.

"तुमच्या टेबलावर घाण कशाला सांडायची?"

दोष सापडला नाही. घरात बाग काढून टाकायचं ठरलं. तरी शेजारची उमा पुन्हा मुळं घेऊन गेली, मातीसकट. त्यात सूत्रकृमी निघाले, मुळांचा रस शोषणारे, डोळ्यांना न दिसणारे किडे. निंबोळी पेंड घातली तर बाग सावरेल, असं साहेब म्हणाले.

उमा धावत आली. मनकर्णाबाई पहिलंच झाड खणत होत्या. ऐकून त्यांनी कुदळ बाजूला ठेवली.

"लई बरं झालं, पोरी."

झाड अर्धवट खणलेलंच राहिलं.