पवनचक्कीच्या दगडावरचे घाव

बऱ्याच केसेस मी फाइल बंद केली तशा विसरून गेले. पवनचक्कीची केस मात्र आजही आठवते, आणि आठवली की बरं वाटतं. पोलिसाच्या नोकरीत अशा केसेस फार नसतात, बरं का!

मी तेव्हा मिशिगनमधल्या एका लहान गावात डिटेक्टिव्ह होते. ठाणं म्हणजे आम्ही सहा जण आणि कॉफीचं एक मशीन. गावाच्या कडेला पिठाची जुनी पवनचक्की. हॉलंडहून आलेल्या एका माणसाने ती बांधली, पुढे मुलाने चालवली, मग नातवाने. नातू म्हातारा झाला, पात्यांवर चढवेना, म्हणून त्याने ती विकली. घेतली कोणी? आपल्याच एका मराठी इंजिनिअरने! जवळच्या नोव्हाय शहरात गाड्यांच्या कंपनीत होता. गावच्या जत्रेत चक्की सुरू करून सगळ्यांसमोर दळण काढायचं, असं त्याने जाहीरही केलं होतं.

एका सोमवारी त्याचा फोन. "काकू, दोन आठवड्यांनी चक्की उघडली, तर कोणीतरी आत घुसून दगडाची वाट लावलीय!"

गेले. वरचा दगड इंजिनिअरने घासायला उलटा करून ठेवलेला, त्यावर छिन्नीचे ताजे घाव.

"दोन महिने खपून दोन्ही दगड ग्राइंडरने प्लेन केले होते, काकू. जुने ओरखडे सगळे घालवले, एकदम आरसा! हे मुद्दाम केलंय. आम्ही चक्की घेतली ते कोणाला तरी खुपतंय."

त्याची बायको दारातूनच म्हणाली, "मुलगी विचारते, 'डू दे हेट अस?' काय सांगू तिला?"

मी फोटो काढले, मापं घेतली, कुलूप तपासलं. फोडलेलं नव्हतं, म्हणजे आत शिरणाऱ्याकडे किल्ली होती. मग शेजारणीने टिप दिली: दर रविवारी ही मंडळी मुलीला मराठी शाळेत नेतात, आणि गेले दोन रविवार तेव्हाच चक्कीमागे एक निळा ट्रक उभा होता. ट्रक निघाला जुन्या मालकाचा, त्या नातवाचा.

ठाण्यात आणून त्याला त्याचे हक्क वाचून दाखवले. ऐंशीच्या घरातला माणूस, टोपी मांडीवर.

"किल्ली तुमच्याकडे आहे?"

"हो."

"दगडावर हत्यार तुम्ही चालवलं?"

"हो."

"का?"

तो टोपीची कड बोटांनी फिरवत राहिला. चीफ बाहेर बोलावून म्हणाले, "कबुली आहे. विकल्याचा राग, दुसरं काय! पाठव प्रॉसिक्यूटरकडे." पण कबुलीपाशी थांबलेला तपास अर्धाच असतो, हे माझं मत. आणि इतकं सरळ "हो" म्हणणारा माणूस रागावलेला वाटत नव्हता.

मी कॉफी दिली. कप घेताना त्याच्या डाव्या हाताची पाठ दिसली. गोंदल्यासारखे निळे-काळे ठिपके. काय सांगू, मी एकदम लहानपणच्या अंगणात गेले! आमच्याकडे जात्याला टाकी लावायला एक पाथरवटीण यायची. जातं गुळगुळीत झालं की ती छिन्नीने दगड पुन्हा खरबरीत करून द्यायची. छिन्नीचे कण उडून तिच्या हातात रुतलेले असत, अगदी असेच.

टाकीला इंग्रजीत काय म्हणतात, देव जाणे. मी पेन घेतलं आणि टेबलावर तिरक्या ओळीत ठोकलं. टक, टक, टक.

म्हाताऱ्याने मान वर केली. "तुम्हाला माहीत आहे?"

"आईच्या जात्यापुरतं. आता तुम्ही सांगा."

मग तो बोलला. खिडकीतून त्याला दिसलं होतं की आजोबांनी आखलेल्या खाचा गेल्या. त्या नसल्या की धान्य नुसतं तापतं, पीठ होत नाही. जत्रेत गावासमोर नव्या मालकाची फजिती झाली असती.

"मग त्याला सांगायचं ना!"

"कसं? विकताना सगळं एजंटांनी केलं, आम्ही भेटलोसुद्धा नाही. आमच्यात चक्की हातात द्यायच्या आधी दगड घडवायला शिकवतात. मी न शिकवताच दिली. कुठल्या तोंडाने जाणार?"

चीफकडून मी एक दिवस मागून घेतला आणि दोघांना दगडापाशी उभं केलं. इंजिनिअर हाताची घडी घालून. मी म्हटलं, "बाबा रे, बोट फिरव." त्याने मधून कडेपर्यंत बोट नेलं. पुन्हा नेलं. "काकू, हे कडेला उथळ होत जातात... म्हणजे पीठ बाहेर ढकलायला!" आणि कानापर्यंत लाल झाला.

बायको म्हणाली, "म्हणजे दोन महिने खपून दगड तू बिघडवलास. मला वाटलंच, किचनचा काउंटरटॉप करतोय!"

म्हाताऱ्याला भाषा कळली नाही, सूर कळला. तो पहिल्यांदा हसला. "खालचा दगड राहिलाय," म्हणाला. "एकट्याने दोन रविवार. हा शिकणार असेल तर चार."

इंजिनिअरने तक्रार मागे घेतली. प्रॉसिक्यूटरनेही केस पुढे नेली नाही. अहवालात नुकसानीच्या रकान्यात मी लिहिलं, "नाही." मुलीला काय सांगायचं, ते तिच्या आईने मला पुन्हा विचारलं नाही.

पुढे मी नव्या पोरांना एकच सांगत आले. कोणी केलं, हे शोधायला सगळेच धावतात. आधी काय केलंय ते हात लावून बघा. त्या सोमवारी मी घावांची मापं घेतली, फोटो काढले, आणि बोट फिरवलं नाही. फिरवलं असतं, तर एक म्हातारा माणूस आरोपीच्या खुर्चीत बसलाच नसता.